मुलाच्या घरी पाहुणे

मुलगा तिकडे काय कमावतो हे सांगण्यातच बऱ्याच आईवडिलांची व्हिसाची मुलाखत संपते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपुढे जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात वडील मुलाच्या कंपनीचं नाव, त्याचं पद, नवं घर, नवी गाडी सगळं अभिमानानं सांगून मोकळे होतात. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला त्यात फारसा रस नसतो. हे दोघं परत येतील का, आणि येतील तर कशासाठी, एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्याचं उत्तर मुलाच्या टेक्सासात नाही, आईवडिलांच्या पिपरी मेघेत आहे.

वर्ध्याला लागून असलेलं पिपरी मेघे म्हणजे शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं ते कळू नये अशी वस्ती. कारभार ग्रामपंचायतीचा, आणि जनगणनेच्या लेखी मात्र शहर. शेजारचं सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे यांचंही थोड्याफार फरकानं तेच. वावरं होती तिथं लेआउट पडले, आणि शिक्षक, बँकवाले, एसटी-वीज मंडळातले लोक नोकरीतल्या पैशातून प्लॉट घेऊन घरं बांधत गेले. मुलं सेवाग्रामच्या नाहीतर नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली, पुणे-हैदराबादला नोकरीला लागली आणि तिथून न्यू जर्सी, डॅलस, टोरांटोकडे गेली. खालचा मजला आईवडिलांचा आणि वरचा कुलूपबंद, अशी घरं आता इथं कुणाला नवी नाहीत.

मग आईबाबांना कायमचंच का नेत नाहीत, असं शेजारी विचारतात. आईबाबांना जायचंच नसतं हे एक उत्तर आहे आणि पुष्कळदा ते खरंही असतं. दुसरं उत्तर कायद्यातलं आहे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याला बायको आणि मुलं अवलंबित म्हणून नेता येतात, आईवडील नाही. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालं तरी आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. तो हक्क मिळतो नागरिक झाल्यावर, तेही वय २१ पूर्ण असेल तर. १९६५ च्या कायद्यापासून नागरिकाच्या आईवडिलांना कोट्याची मर्यादा नाही, ही त्यातली उदार बाजू. पण नागरिक होण्याआधी ग्रीन कार्ड लागतं, आणि नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जाऊ द्यायची नाहीत असा नियम आहे. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांत मोजावी लागते. मुलाचे केस पांढरे होईपर्यंत आईवडील पाहुणेच राहतात.

इतर देशांतही फार वेगळं नाही. ब्रिटननं २०१२ मध्ये वृद्ध आईवडिलांना कायमचं नेण्याचे नियम इतके आवळले की तो रस्ता जवळपास बंदच झाला. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या साध्या कायमस्वरूपी व्हिसाला तीसेक वर्षं लागतील, असं तिथलं सरकारच सांगतं. सत्तरीच्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे थट्टाच. कॅनडानं २०२० मध्ये इच्छुकांची नोंद करून घेतली आणि पुढची काही वर्षं त्याच यादीतून बोलावणी पाठवली. त्यानंतर गेलेल्यांना त्या यादीत नाव घालायची सोयच नव्हती. तरुण कामगार सगळ्यांना हवा आहे, त्याचे म्हातारे आईवडील नकोत. हे कोणी उघड बोलत नाही, पण नियम वाचले की दुसरा अर्थ निघत नाही. कायमच्या मुक्कामाचं दार असं लोटून घेतलं की उरतो तो पाहुण्याचा व्हिसा. त्यामुळे त्यावर केवढा भार पडतो याचं एक उदाहरण आहे. २०२३ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासानं वर्षभरात दहा लाख व्हिसा अर्ज हातावेगळे केल्याचा समारंभ केला. दहा लाखावा व्हिसा राजदूतांच्या हस्ते मिळाला तो अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या मुलाच्या पदवीदान सोहळ्याला निघालेल्या दिल्लीतल्या जोडप्याला.

अमेरिकेच्या या पाहुण्या-व्हिसाचं नाव बी-२; कागदावर बहुधा बी-१/बी-२ असं जोडनाव छापून येतं. त्याचा पाया १९५२ च्या कायद्यातल्या २१४ (बी) या कलमात आहे. ते कलम म्हणतं की असा व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असं आधी धरून चालायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मागणाऱ्याची. आपल्याकडे आरोपीलाही गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानतात, इथं मात्र नातू बघायला निघालेल्या आजीला स्वतःबद्दलचा संशय फेडावा लागतो. राग यावा असंच आहे. पण राग आला तरी अर्ज या कलमाला धरूनच भरावा लागतो.

हे एकदा लक्षात घेतलं की कुठला मुद्दा जड आणि कुठला हलका ते आपोआप कळतं. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांची पत्नी. मुलगा डॅलसला, मुलगी अमरावतीला दिलेली. पिपरीत स्वतःचं घर, त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ गुरुजींच्या नावावर. देवळी तालुक्यात पाच एकर वावर, त्याचा सातबारा. ते ठेक्यानं दिलेलं असलं तरी दर हंगामाला हिशेब गुरुजींनीच करायचा. दरमहा निवृत्तिवेतन. गुरुजींच्या आईचं वय नव्वद, ती धाकट्या भावाकडे. यातली एकही गोष्ट डॅलसची नाही, आणि हीच त्यांची खरी बाजू आहे. उलट एकुलता एक मुलगा अमेरिकेत, घर विकून फ्लॅट भाड्यानं घेतलेला, इथं मागे कोणी नाही, असं असेल तर मुलाचा पगार कितीही मोठा असो, अधिकाऱ्याच्या मनातली शंका वाढते. पगार जितका मोठा तितकी आईवडिलांना ठेवून घ्यायची ऐपत मोठी, असाही त्याचा अर्थ निघू शकतो.

म्हणूनच मुलानं पाठवलेल्या निमंत्रणपत्राचं एवढं कौतुक करू नये. पाहुण्याच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा खर्चाचं हमीपत्र लागत नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. तरीही नोटरी, शिक्के आणि आय-१३४ नावाचा अर्ज यांवर एजंट पैसे उकळतात. खर्च मुलगा करणार असेल तर अर्जात तसं लिहायचं, एवढंच. कागदांची फाइल सोबत असावी, कारण मागितली तर दाखवता आली पाहिजे. पण पुष्कळांची फाइल उघडली न जाताच व्हिसा मिळतो किंवा नाकारला जातो. अधिकारी अर्ज वाचतो, उत्तर ऐकतो आणि दोन्ही जुळतात का ते बघतो.

अर्ज म्हणजे डीएस-१६०. तो बहुधा मुलगाच रात्री तिकडे बसून भरतो, आणि घोळ तिथंच सुरू होतो. आईवडिलांनी तो वाचलेलाच नसतो. अर्जात 'तीन महिने' लिहिलेलं असतं आणि खिडकीपुढे आई म्हणते, 'पाच-सहा महिने राहू म्हणतो.' खोटं कोणीच बोललेलं नसतं, पण दोन वेगळी उत्तरं झाली. भरलेला अर्ज छापून आईबाबांना मराठीत समजावून सांगणं हे त्यात घालायच्या कुठल्याही जोडपत्रापेक्षा मोलाचं. त्यातले शेवटचे प्रश्न वाचून मात्र घाबरायचं कारण नाही. तुम्ही दहशतवादी आहात का, वेश्याव्यवसायासाठी येत आहात का, नरसंहारात भाग घेतला होता का, असं सगळ्यांनाच विचारतात. पिपरीच्या भजनी मंडळातल्या बाईंना ते मोठ्यानं वाचून दाखवायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. उत्तर मात्र भरावंच लागतं.

भाषेचा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. मुंबईच्या वकिलातीत इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी, गुजरातीतून मुलाखत देता येते. जन्मभर मराठीत बोललेल्या माणसानं घोकलेल्या चार इंग्रजी वाक्यांवर हा सामना का खेळावा? 'कोणाकडे जाता?' 'पोराकडे.' 'किती दिवस?' 'तीन महिने, दिवाळीच्या आधी परत. कापूस निघतो तेव्हा.' असं उत्तर पाठ करून येत नाही.

आधीचे कागद मात्र नीट करून घ्यावे लागतात, आणि आपल्या पिढीजात सवयी तिथं आडव्या येतात. गुरुजींच्या पत्नीचं माहेरचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, बँकेत तिसरंच स्पेलिंग. जन्मतारीख कुणालाच माहीत नसते. शाळेत घालताना हेडमास्तरांनी लिहिलेली १ जुलै हीच खरी मानायची. पासपोर्टसाठी जन्मदाखलाच पाहिजे असं नाही. त्या वयाच्या माणसांना शाळेचा दाखला, पॅन, निवृत्तिवेतनाचे कागद यांपैकी एखादा पुरावा चालतो. पण सगळीकडे नाव आणि तारीख एकच हवी. वर्धा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. नावाची दुरुस्ती आधी आधारमध्ये, मग पासपोर्टात आणि मगच व्हिसाच्या अर्जात, हा क्रम उलटला की महिने जातात.

मुंबईला दोन कामं असतात. आधी अर्जकेंद्रात फोटो आणि दहाही बोटांचे ठसे, मग वकिलातीत मुलाखत. फोटो चष्म्याविना. ठशांची गंमत शेतकरी घरातल्या लोकांना सांगायला नको. निंदण-डवरण आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या, त्यांनी रेशन दुकानातल्या यंत्राशी हे भांडण आधीच केलेलं असतं. बोटं कोरडी पडली असतील तर आदल्या दिवसांत तेल-मलम चोळावं आणि ऐन वेळी हात पुसून कोरडे करावेत. वकिलातीत मोबाईल नेता येत नाही. दोघांचं बोलणं एकाच खिडकीपुढे होतं. एकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यानं देण्याची आपल्या घरातली रीत तेवढ्यापुरती बाजूला ठेवलेली बरी.

वर्ध्याहून मुंबई रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई. मुलाखतीची तारीख मुंबईतच घ्यायला हवी असं नाही. हैदराबादलाही अमेरिकी वकिलात आहे आणि सेवाग्राम स्थानकावरून तिकडे गाड्या जातात. तिथं तारीख लवकर मिळाली म्हणून पुष्कळ जण जातात. मात्र मराठीतून बोलायचं असेल तर मुंबईच बरी. तारीख हे प्रकरण लहरी आहे. करोनानंतर साचलेल्या गर्दीत २०२२ च्या अखेरीस मुंबईची प्रतीक्षा नऊशे दिवसांच्या पुढे गेली होती. तेव्हा नातवाच्या बारशासाठी अर्ज करणाऱ्यांना त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाचीही खात्री नव्हती. पुढे जादा कर्मचारी आणि शनिवारच्या मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. शुल्क २०२३ च्या जूनपासून माणशी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत न मिळणारे. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या वेगळ्या शुल्काची तरतूद आहे. त्यामुळे पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर असेल तोच आकडा खरा. ऐंशीच्या घरातल्या आजोबांना मुलाखतीतून सूट मिळायची, तीही २०२५ च्या सप्टेंबरपासून गेली. जुना व्हिसा संपून वर्ष झालं नसेल तर नूतनीकरणाला अजून सवलत मिळू शकते.

नाकारला तर हातात २१४ (बी) लिहिलेला कागद येतो. त्यावर अपील नाही, आणि तो कायमचा डागही नाही. परिस्थितीत काही फरक पडला असेल तर नव्यानं पैसे भरून पुन्हा अर्ज करता येतो. महिन्याभरात त्याच कागदांनिशी पुन्हा जाण्यात मात्र अर्थ नाही. आणि इथंच एजंट गाठतो. खात्यात चार दिवस पैसे फिरवून देतो, नसलेली भागीदारी दाखवतो. असा खोटेपणा पकडला गेला तर तो वेगळ्या कलमात बसतो आणि त्या माणसाला अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. नकार परवडतो, हे परवडत नाही.

आता बाळंतपण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लेक परदेशात असेल तर माहेरच तिच्याकडे जातं. बाळंतपणाच्या वेळी लेकीजवळ असणं हे पाहुणीनं येण्याचं रास्त कारण आहे आणि ते लपवायची गरज नाही. अडचण पुढे येते. पाळणाघराचा खर्च वाचावा म्हणून आईला सहा महिने, मग सासूला सहा महिने, मग पुन्हा आईला, असं चक्र सुरू झालं की अधिकारी ते भेट मानत नाही. ब्रिटनच्या नियमांत ही रेषा स्पष्ट लिहिली आहे: नात्यातल्या पाहुणीनं थोड्या दिवसांच्या मुक्कामात मुलं सांभाळायला हरकत नाही, पण तो मुलं सांभाळण्याच्या नोकरीसारखा प्रकार होता कामा नये. अमेरिकेत एवढं लिहून ठेवलेलं नसलं तरी प्रश्न विचारताना बघतात ते हेच. माझं मत विचाराल तर अधिकाऱ्यापेक्षा हा प्रश्न मुलांनीच आधी स्वतःला विचारायला हवा. सत्तरीच्या आईला गाडी येत नाही, बाहेर बर्फ, शेजारी कोण राहतं ठाऊक नाही, आणि दिवसभर दोन वर्षांचं मूल. याला कोणी पाहुणचार म्हणत नाही.

व्हिसा मिळाला की घरात पेढे येतात आणि त्यावर छापलेली दहा वर्षांची मुदत सगळ्यांना दाखवली जाते. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षांत कितीदाही दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा सीमा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत चढते. ही नोंद आता संगणकावर असते, पासपोर्टात कागद लावत नाहीत, म्हणून ती पाहायची राहून जाते. उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मुलानं ती काढून फ्रिजवर लावावी. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर मुक्कामही तिथंच तोडून मिळू शकतो. काही कारणानं जास्त राहायची वेळ आली तर मुदत संपायच्या आधी आय-५३९ हा अर्ज करावा लागतो. न विचारता राहिलं तर दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो, १८० दिवसांहून जास्त राहून परत गेलं तर तीन वर्षं आणि वर्षाच्या पुढे राहिलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. सहा महिने पूर्ण वसूल करून, महिनाभर पिपरीत येऊन पुन्हा विमान धरणाऱ्यांना सीमेवर कधीतरी खडसावून विचारतात. जेवढे दिवस तिकडे राहिलो त्याहून जास्त इकडे राहून मग परत जावं, हा लिहिलेला नियम नाही, पण त्यानं चौकशी टळते.

कॅनडानं या सगळ्यावर बरा तोडगा काढला. १ डिसेंबर २०११ पासून तिथं 'सुपर व्हिसा' आहे, फक्त आईवडील आणि आजीआजोबांसाठी. २०२२ च्या जुलैपासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. बदल्यात मुलाची मिळकत ठरलेल्या रेषेच्या वर हवी, त्याचं लेखी निमंत्रण हवं, आईवडिलांची वैद्यकीय तपासणी हवी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा आरोग्य विमा हवा. म्हणजे अमेरिकेत जे निमंत्रणपत्र निरर्थक, ते इथं अनिवार्य. युरोपातल्या शेंगेन देशांत आणखी तिसरी तऱ्हा: १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर नाही, विमा निदान ३०,००० युरोचा, आणि जर्मनीत मुलानं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन पाहुण्यांच्या खर्चाची रीतसर हमी लिहून देण्याची पद्धत. एका देशाचा अनुभव दुसऱ्याला सांगताना जपून सांगावा, तो एवढ्याचसाठी.

अमेरिका विमा मागत नाही, आणि तिथंच लोक फसतात. सावंगी किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात केस पेपर काढून डॉक्टर गाठायची सवय असलेल्या माणसाला तिकडच्या आपत्कालीन विभागाच्या बिलाची कल्पना करता येत नाही. पाहुण्यांच्या विम्याचे ढोबळ दोन प्रकार. एकात प्रत्येक उपचाराची रक्कम आधीच ठरलेली. खाटेचे एवढे, शस्त्रक्रियेचे तेवढे, वरचे तुम्ही भरा. हप्ता स्वस्त आणि ऐन वेळी उपयोग थोडा. दुसऱ्यात सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरली की पुढच्या खर्चाचा मोठा हिस्सा कंपनी भरते. घ्यायचा तर दुसरा. आणि दोन्हींतली कळीची ओळ आधीपासूनच्या आजारांची. रक्तदाब, साखर, जुनी अँजिओप्लास्टी यांची नेहमीची तपासणी किंवा औषधं कुठलीच योजना सहसा देत नाही. चांगल्या योजना फक्त त्या आजारानं अचानक उचल खाल्ली तर पैसे देतात, आणि वय सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलं की तेही कमी करतात. आजार लपवून घेतलेला विमा म्हणजे न घेतलेला विमा.

म्हणून दात, डोळे, रक्त सगळं इथंच तपासून निघावं. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, साधारण ९० दिवसांना पुरतील एवढी. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, कारण आपल्या गोळ्यांची नावं तिकडच्या फार्मसीत कोणी ओळखत नाही. आपलं पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावानं मिळतं.

सामानाबद्दल आईशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण दोन गोष्टी तिला पटवाव्यात. तांदूळ, हरभरा, धने, जिरे, करडई यांचे सुटे दाणे आपल्या देशातून प्रवाशाच्या पेटीतून अमेरिकेत नेता येत नाहीत. कारण खपरा नावाचा किडा. साठवलेल्या धान्यात तो एकदा शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही आणि भारत तो आढळणाऱ्या देशांच्या यादीत आहे. ताजी फळं नकोत, म्हणजे संत्री नकोत. कढीपत्ता नको, खव्याचे पदार्थ टाळलेले बरे. चिवडा, लोणचं, शंकरपाळे, दळलेले मसाले, वायगावची हळद हे नेता येतं. आणि वर्ध्याचा माणूस गोरसपाकाशिवाय निघतच नाही. तो भाजलेला बिस्किटाचा प्रकार असल्यानं त्याला अडचण नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: खाण्याचं काहीही असलं तरी सीमाशुल्काच्या प्रश्नाला 'आहे' म्हणून सांगायचं. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतात, न सांगितलेल्याबद्दल दंड होतो.

निवृत्तिवेतनवाल्यांसाठी एक गोष्ट प्रवासी कंपन्या सांगत नाहीत. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऑक्टोबरात निघून एप्रिलला परतायचा बेत असेल तर तो नेमका मध्ये येतो आणि निवृत्तिवेतन थांबतं. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे आणि आता चेहरा ओळखूनही दाखला निघतो. तिकडच्या भारतीय वकिलातीतही हयातीचा दाखला करून मिळतो. आपल्या कोषागाराला आणि बँकेला कुठला चालतो ते निघण्याआधी वर्ध्यातच विचारून घ्यावं. तसंही वर्ध्याच्या माणसानं थंडीत जाण्यापेक्षा एप्रिलमध्ये निघावं. इथला मे चुकतो आणि तिकडे बाहेर फिरता येतं. शेती असलेल्याची मात्र मिरगात चुळबुळ सुरू होते, तिला इलाज नाही.

परत आल्यावर आय-९४ च्या नोंदीत आपली रवानगी चढली आहे का ते मुलाकडून बघून घ्यावं आणि बोर्डिंग पास वर्षभर ठेवावेत. नोंद चुकली तर तोच पुरावा. आणि व्हिसाची दहा वर्षं व्हायच्या आधी पासपोर्ट संपला तर नवा काढताना जुना फेकायचा नाही. जुन्यातला व्हिसा मुदतीपर्यंत चालतो, प्रवासात दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे. नव्याच्या वेळी जुन्यावर रद्दचा शिक्का मारून कोपरा कापतात. आत चालू व्हिसा आहे, त्या पानाला कात्री लावू नका, एवढं खिडकीवर आधीच सांगायचं.